गोणी भरली, पुढे काय?

तुमच्या फोनमध्ये बीच क्लीन-अपचा एक तरी फोटो असणारच. हातात मोजे, शेजारी भरलेली गोणी, मागे समुद्र आणि खाली एखादी भारी कॅप्शन. माझ्याकडे असे अकरा फोटो आहेत. त्यातला एक मी बरेच महिने डीपी म्हणून मिरवला. नंतर तो काढून टाकला. का, तेच सांगते.

सप्टेंबरचा तिसरा शनिवार जगभर किनारा स्वच्छता दिवस म्हणून पाळला जातो. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना आम्ही एनएसएसची पोरं त्या दिवशी अलिबाग तालुक्यातल्या एका किनाऱ्यावर उतरलो होतो. नुकतंच गणपती विसर्जन झालेलं, पावसाळा सरत आलेला. चपला, बाटल्या, थर्माकोल, वेफर्सची पाकिटं, दोरखंड, औषधाच्या पट्ट्या, जे दिसेल ते उचललं आणि गोण्यांत कोंबलं. चार तासांत बत्तीस गोण्या. प्रत्येकीवर मार्करने नंबर टाकला. सतरा नंबरच्या गोणीवर मी एक हसरा चेहराही काढला. वडापाव खाल्ले, ग्रुप फोटो झाला, ट्रॅक्टर येऊन गोण्या घेऊन गेला. संपलं.

आठ दिवसांनी स्कूटीवरून जाताना खाडीच्या कडेला धूर दिसला. तो जळक्या प्लास्टिकचा वास तुम्हालाही माहीत असेल, घशात जाऊन बसतो. थांबले. कचऱ्याचा ढीग धुमसत होता आणि त्याच्या कडेला अर्धवट जळलेली एक पांढरी गोणी पडली होती. सतरा नंबर. हसरा चेहरा अजून हसत होता.

म्हणजे आम्ही किनारा साफ केला नव्हता. किनाऱ्यावरचा कचरा खाडीवर नेऊन ठेवला होता. आणि पुढच्या मोठ्या भरतीला त्यातला न जळलेला भाग पुन्हा समुद्रातच जाणार होता.

'वाळू विकत घेऊ का?'

खूप चिडले होते. कुणाला तरी शिव्या घालायच्या होत्या. पण आमच्या नाक्यावरच्या भंगारवाल्या काकांना हे सगळं सांगितलं, तर ते शांतपणे म्हणाले, "ताई, तुमच्या गोण्या माझ्याकडे आणल्या असत्या, तरी मी घेतल्या नसत्या."

"का? त्यात इतक्या बाटल्या होत्या!"

"बाटल्या होत्या, त्यात वाळू होती. पुठ्ठा होता, तो भिजलेला. त्यातच कुणाचं तरी डायपर. हे सगळं निवडायला माणूस बसवला, तर त्याची मजुरी मालापेक्षा जास्त होते. वाळू भरलेली बाटली वजनावर घ्यायची म्हणजे मी वाळू विकत घेऊ का?"

मग त्यांनी दुकानाच्या मागची बाजू दाखवली. एका पोत्यात फक्त पाण्याच्या बाटल्या, चेपलेल्या. दुसऱ्यात शाम्पूच्या आणि तेलाच्या. पुठ्ठे वेगळे, रद्दी वेगळी, पत्र्याचे डबे वेगळे. बिअरच्या बाटल्या उभ्या रांगेत. सगळा आपल्याच घरांतून निघालेला माल, पण तिथे त्याला कुणी कचरा म्हणत नव्हतं.

कोणतीही वस्तू कचरा म्हणून जन्माला येत नाही. केळीची साल एकटी असते तोवर खत असते आणि दुधाची पिशवी एकटी असते तोवर प्लास्टिकचा कच्चा माल. दोघी एका डब्यात पडल्या की साल कुजते, पिशवी बरबटते आणि दोन्ही कामातून जातात. तो डबा बहुतेक वेळा आपल्याच स्वयंपाकघरात, सिंकखाली असतो. किनाऱ्यावर गोणी भरते तोवर फार उशीर झालेला असतो.

आजीचा उकिरडा

आमच्या आजीच्या काळात घरामागे उकिरडा होता. शेण, राख, भाजीची देठं, माशांची खवलं, सगळं त्यात. पावसाआधी तेच खत वाडीत जायचं. नारळाची सोडणं आणि करवंट्या बंबाखाली, झावळ्यांचे झाप विणले जायचे, जुन्या लुगड्यांची गोधडी व्हायची. रायगडच्या किनाऱ्यावरच्या गावांना कचऱ्याची गाडी लागत नव्हती, कारण घरात येणारी जवळपास प्रत्येक वस्तू कुजणारी किंवा पुन्हा वापरता येणारी होती.

आता वस्तू बदलल्या, सवय तीच राहिली. घरामागे टाकायची, वहाळात सोडायची, नाहीतर पानांसोबत पेटवून द्यायची. वहाळ खाडीला मिळतो. कुंडलिका रेवदंड्याला समुद्रात जाते, सावित्री हरिहरेश्वराजवळ, तर अंबा धरमतरच्या खाडीतून रेवसकडे येते. म्हणजे रोह्यात किंवा महाडात ओढ्यात टाकलेलं पाकीटही पावसाळ्यात किनाऱ्यावर येऊ शकतं. 'समुद्र पोटात काही ठेवत नाही' असं आपल्याकडची जुनी माणसं म्हणतात. ओहोटीला कुलाबा किल्ल्याकडे चालत जाताना खडकांच्या फटी बघा. कळेल.

आणि पेटवणं हा उपाय नाही. प्लास्टिक उघड्यावर जाळलं की विषारी वायू निघतात, पीव्हीसीसारख्या प्लास्टिकमधून तर डायॉक्सिनसारखी घातक रसायनं. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घातली. साध्या जाळण्याला ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५ हजार रुपये दंड ठरवला. ही लढाई अल्मित्रा पटेल या बाईंनी कोर्टात १९९६ पासून लढवली होती. आपल्या अंगणातली रोजची शेकोटीही त्याच आदेशात बसते, हे किती जणांना माहीत आहे?

आईशी झालेला तह

मी घरी तीन डबे आणले, तेव्हा आई म्हणाली, "आधी एक डबा वेळेवर रिकामा करायला शिक." मुद्दा बरोबर होता. म्हणून तह झाला: महिनाभर सगळं मी करायचं. त्या महिन्यात जे शिकले ते असं.

ओला कचरा वाडी किंवा परसू असेल तर सर्वात सोपा. अडचण फक्त मासळीची. कोलंबीची टरफलं आणि बोंबलांची डोकी उघडी टाकली तर वास सुटतो आणि कुत्री-मांजरं उकरतात. उपाय जुनाच: माडाच्या किंवा केळीच्या आळ्यात दीड-दोन फूट खड्डा, त्यात मासळीचा कचरा, वर सुका पाला आणि मग मातीचा जाड थर. आमच्या केळीने त्यावर जे रूप धरलंय, ते बघून आई आता स्वतः खड्डा खणायला सांगते. तुम्ही हॉस्टेलवर किंवा फ्लॅटमध्ये असाल, तर भोकं पाडलेलं माठ किंवा बादली, त्यात ओला कचरा आणि तेवढाच सुका पाला किंवा नारळाचा भुसा. घाण वास आला तर समजायचं की ओलं जास्त झालंय, सुकं वाढवा.

सुका कचरा म्हणजे कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, काच, धातू. इथे एकच नियम: कोरडा आणि स्वच्छ. "एवढं धुवायला पाणी कुठलं?" हा आईचा प्रश्न एप्रिल-मे महिन्यात कोकणात कुणालाही पडेल. नवीन पाणी लागत नाही. तांदूळ धुतलेल्या पाण्यात दुधाची पिशवी खळबळून काढायची आणि दोरीवर चिमट्याने अडकवायची. बस.

दुधाच्या पिशवीवरून आठवलं. कापताना कोपरा पूर्ण तोडून टाकू नका, लटकता ठेवा. पिशवी भंगारात जाते, पण तो नखाएवढा तुकडा कुणीच वेचत नाही. तो मोरीतून गटारात आणि गटारातून खाडीत जातो. रोज दोन पिशव्या घेणाऱ्या घरातून वर्षाला सातशेहून जास्त तुकडे.

बाटल्यांच्या तळाशी बाणांचा त्रिकोण आणि आत आकडा असतो. मला वाटायचं, त्रिकोण आहे म्हणजे रिसायकल होणारच. तसं नाही. आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो. १ म्हणजे पाण्या-कोल्ड्रिंकच्या बाटल्यांचं पेट, त्याला चांगली मागणी असते आणि त्याचा धागा बनतो. २ म्हणजे शाम्पूच्या बाटल्या, तेलाचे कॅन. ४ म्हणजे दुधाच्या पिशव्यांचं मऊ प्लास्टिक. ५ म्हणजे पार्सलचे कडक डबे. ६ मध्ये थर्माकोल येतो, आणि तो हलका असल्याने वजनावर कुणाला परवडत नाही.

आणि चिप्स-बिस्किटांची चकचकीत पाकिटं? त्यात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते वेगळे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला ती घेत नाही. गोळा झालीच तर बहुतेकदा सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात. एका आठवड्यात मी फक्त ही पाकिटं वेगळी ठेवली. तीन माणसांच्या घरात एकोणचाळीस निघाली, त्यातली सव्वीस माझी. पर्यावरणावर लेख लिहिणाऱ्या मुलीची. इथे वर्गीकरण कामाचं नाही, पाकीट घरात कमी येणं एवढाच उपाय. नाक्यावरच्या दुकानातून डब्यात सुटा चिवडा आणता येतो, मी आता आणते.

तिसरा डबा सगळ्यात छोटा, पण सगळ्यात महत्त्वाचा. संपलेले सेल, मुदत उलटलेली औषधं, इंजेक्शनच्या सुया, फुटलेली ट्यूबलाइट, रंगाचे डबे, कीटकनाशकांच्या बाटल्या. हा घरगुती घातक कचरा, आणि २०१६ च्या घनकचरा नियमांपासून तो ओल्या-सुक्यापासून वेगळा ठेवणं ही आपली जबाबदारी आहे. सीएफएल आणि ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. फुगलेली मोबाइलची बॅटरी कचऱ्यात दाबली गेली तर पेट घेते.

आता जे बोलायला आपण लाजतो ते. पॅड आणि डायपर ओल्यात नाही, सुक्यात नाही आणि टॉयलेटमध्ये तर अजिबात नाही. वर्तमानपत्रात गुंडाळायचे आणि वर लाल ठिपका काढायचा. पुण्यात कचरावेचक महिलांच्या 'स्वच्छ' संस्थेने ही लाल ठिपक्याची पद्धत रुजवली, कारण कागदाची पुडी उघडून बघणारा हात त्यांचा असतो. याच महिलांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना १९९३ पासून काम करतेय. तो ठिपका काढायला तीन सेकंद लागतात. फुटलेली काचही तशीच गुंडाळून वर 'काच' असं लिहा.

माळ्यावरचं काय?

दिवाळीच्या साफसफाईत खरी परीक्षा असते. आमच्या माळ्यावरून जुना डबा टीव्ही, चार मेलेले मोबाइल, चार्जरच्या वायरींचं जाळं आणि दोन गाठोडी कपडे निघाले.

टीव्ही-मोबाइल म्हणजे ई-कचरा. तो फोडून आतलं तांबं काढून उरलेलं फेकणारे भेटतात, पण जुन्या टीव्हीच्या काचेत शिसं असतं आणि ते आपल्याच मातीत उतरतं. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार असा माल नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांकडे पोचवण्याची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे. त्यामुळे नवीन फोन घेताना दुकानात बिनधास्त विचारा, "जुना घेता का?" देण्याआधी फोन रीसेट करा, सिम आणि मेमरी कार्ड काढा. आणि एकेकटे जाण्यापेक्षा कॉलेजमध्ये महिनाभर एक खोका ठेवा, भरला की एकदम पाठवा.

कपड्यांचं मात्र जपून. 'गरिबांना देऊ' म्हणत आपण फाटके, डागाळलेले कपडेही गाठोड्यात घालतो. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत देशभरातून आलेल्या कपड्यांचे ढीगच्या ढीग न वापरता पडून राहिले होते. पुढे 'गूंज' या संस्थेने ते उचलून कामाला लावले. म्हणून निकष एकच: हा कपडा मी माझ्या मैत्रिणीला देईन का? उत्तर 'हो' असेल तर धुऊन, इस्त्री करून द्या. 'नाही' असेल तर पायपुसणं, गोधडी, पिशवी.

कोळीवाड्यात राहणाऱ्या मित्रांसाठी जाळ्यांचा मुद्दा. नायलॉनचं जाळं कुजत नाही. समुद्रात सुटलं तर माणसाशिवाय मासेमारी करत राहतं आणि त्यात कासवंही अडकतात. हरिहरेश्वर, दिवेआगरच्या वाळूत ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात, हे आपण अभिमानाने सांगतो ना? मग जुनं जाळं बंदरावर सोडून देऊ नका. वाडीचं कुंपण, कोंबड्यांचा खुराडा, मिरचीच्या रोपांवर आच्छादन, असे त्याचे बरेच उपयोग गावात होतातच. उरलेलं एकत्र बांधून भंगारवाल्याला विचारा. वितळवून नवा धागा करता येतो, तो हाच नायलॉन.

आणि एक गोष्ट खास आपल्या पट्ट्याची. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आपल्यावर आदळलं, तेव्हा कितीतरी घरांवरचे सिमेंटचे पत्रे उडाले, फुटले. आमचेही. आजोबांनी त्या तुकड्यांचा वाटेवर भराव टाकला. सगळ्यांनीच टाकला. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असतं. पत्रा फुटला, घासला गेला की त्याचे सूक्ष्म तंतू हवेत जातात आणि श्वासातून फुप्फुसात शिरतात. वर्षानुवर्षांनी त्यातून गंभीर आजार, कर्करोगसुद्धा होऊ शकतो. तुमच्या घरामागे असे पत्रे असतील तर फोडू नका, कोरडे कापू नका, भरावाला वापरू नका. हलवावेच लागले तर आधी पाणी मारून ओले करा, तोंडाला चांगला मास्क लावा, प्लास्टिकमध्ये गुंडाळून बाजूला ठेवा आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवा. आजोबांच्या वाटेवर आम्ही आता मातीचा जाड थर टाकलाय. तेवढंच हातात होतं.

वेंगुर्ल्याने केलं, मग आपण?

"आम्ही घरी वेगळं करतो, पण गाडीत सगळं एकत्रच टाकतात!" हे तुम्ही मनात म्हणालात ना? मीही म्हणायचे. तक्रार खरी आहे. पण तिचं उत्तर कोकणातच आहे.

सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ला नगरपरिषदेने मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात डम्पिंग ग्राउंडच बंद केलं. घराघरातून वेगवेगळा कचरा घ्यायचा आणि नंतर त्याचे वीसहून जास्त प्रकार करायचे. ओल्यापासून बायोगॅस आणि खत, पातळ प्लास्टिकचे तुकडे करून डांबरी रस्त्यात, बाकीचं विक्रीला. जिथे कचऱ्याचे ढीग होते तिथे बाग झाली आणि लोक ती जागा बघायला येऊ लागले. डम्पिंग ग्राउंडवर सहल! तिथली माणसं काही वेगळ्या मातीची नव्हती. वेगळं दिलेलं पुढेही वेगळंच राहील, एवढी खात्री त्यांना मिळाली, म्हणून त्यांनी वेगळं दिलं.

ती खात्री मागायची जागा इन्स्टा स्टोरी नाही, ग्रामसभा आहे. तुम्ही अठरा वर्षांचे असाल आणि मतदार यादीत नाव असेल, तर तुम्ही ग्रामसभेचे सदस्य आहात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या तारखांच्या आसपास ती भरते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या वयाचं कुणी नव्हतं. मागच्या रांगेतून एक काका म्हणाले, "सरबत वाटायला आलीस का गो?" मी वाटलं सरबत, आणि मग प्रश्नही विचारले.

तुम्हीही हे तीन विचारा. एक, वेगळा केलेला सुका कचरा कुठे जातो? दोन, तो साठवायला शेड आहे का? तीन, पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी 'बंधित' ठेवला, त्यातून कचऱ्यावर किती खर्च झाला? हा 'बंधित' शब्द ऐकला की सभेत एकदम शांतता होते. ट्राय करून बघा.

आमच्या गावात शेड अजून झालेली नाही. पण सुका कचरा घेणारी गाडी आता आठवड्यातून एक दिवस वेगळी येते. त्या दिवशी आई दोरीवरच्या दुधाच्या पिशव्या मोजून देते.

यंदाचा शनिवार

यावर्षीही आम्ही किनाऱ्यावर गेलो. मी आता कॉलेजात नाही, तरी गेले. फरक एवढाच की आधी भंगारवाल्या काकांना फोन केला आणि गोणी भरायच्या आधीच वाळूवर चार ताडपत्र्या अंथरल्या: बाटल्या, काच-पत्रा, दोरखंड-जाळी आणि कुणालाच नको असलेलं. बाटल्या उलट्या करून वाळू झाडायला दोन ज्युनियर बसवले, ते दिवसभर कुरकुरले. गोण्या भरल्या फक्त चौदा. त्यातल्या आठ काका टेम्पोतून घेऊन गेले आणि हातावर थोडे पैसेही ठेवले, त्यातून सगळ्यांचा चहा झाला.

उरलेल्या सहा गोण्यांत जास्त करून चकचकीत पाकिटं, थर्माकोल आणि डायपर. त्या सहा गोण्यांचं उत्तर किनाऱ्यावर नाही. ते तुमच्या-माझ्या पिशवीत आहे, दुकानात जाताना.

तेव्हा पुढच्या क्लीन-अपला नक्की या. फोटोही काढा, माझी हरकत नाही. फक्त त्या दिवशी सकाळी घरातून निघताना सिंकखालचा डबा एकदा उघडून बघा. आणि आयोजकांना गोणी हातात घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: "भरली की पुढे कुठे जाणार?"

उत्तर आलं नाही तर गोणी खाली ठेवा आणि आधी भंगारवाल्याचा नंबर शोधा.